शेवाळ संपल्यावर काय? घरच्या टाकीत शेवाळ खाणारे कॅटफिश पाळताना

टाकीच्या काचेवर हिरवट थर धरला की कुणीतरी हमखास सांगतं, "एक सकर टाक, दोन दिवसांत चाटूनपुसून साफ करेल." मलाही असंच सांगितलं होतं, आणि मी बोटाएवढा, ठिपक्याठिपक्यांचा, काचेला तोंड लावून बसणारा मासा घेऊन आलो. पहिले दोन आठवडे काच लख्ख. दीड वर्षात तो माझ्या वितीत मावेना. रोपं मुळासकट उखडायचा, आणि रोज सकाळी वाळूवर त्याच्या विष्ठेच्या तपकिरी दोऱ्यांचा गुंता पडलेला असायचा. शेवाळाकडे मात्र ढुंकूनही बघत नव्हता. वरच्या माशांसाठी टाकलेलं खाणं खाली कधी उतरतंय, एवढ्यावरच त्याचा डोळा.

माशाचं काही चुकलं नव्हतं. मी त्याला काच पुसायला आणलं होतं, आणि काच पुसून झाल्यावर तो काय खाणार, कुठे राहणार, हे मनातही आलं नव्हतं. पुढे ओटो आणि ब्रिसलनोज हे लहान राहणारे शेवाळखाऊ कॅटफिश पाळले, ब्रिसलनोजची पिल्लं झाली. पण दर वेळी गाडी अडली ती याच प्रश्नावर. म्हणून हा लेख ज्या क्रमाने कामं करायची त्याच क्रमाने लिहिलाय. मासा आणायची पायरी बरीच खाली आहे. ती वर ओढू नका.

पायरी १: काचेवर नेमकं काय आलंय ते बघा

सगळं शेवाळ एक नसतं, आणि त्यातलं निम्मं कुठलाच कॅटफिश खात नाही. बाही वर करा आणि बोटाने घासून बघा.

तपकिरी, पिठासारखा थर बोटाला सहज निघून आला तर ते डायटम, म्हणजे एकपेशीय सूक्ष्म शेवाळ. नवीन टाकीत पहिल्या काही आठवड्यांत ते येतंच, आणि बरेचदा आपलं आपण जातं. ओटोंचं हे आवडतं खाणं, पण डायटम येतात तेव्हा टाकी बहुधा ओटोंसाठी तयार नसते, ही खरी पंचाईत. मऊ हिरवा थर असेल तर तो ओटो आणि ब्रिसलनोज दोघेही मनापासून खातात.

काचेवर गोल, कडक हिरवे ठिपके बसले असतील आणि नखाने खरवडल्याशिवाय निघत नसतील, तर कॅटफिशकडून अपेक्षा ठेवू नका. ब्लेड हातात घ्या किंवा नेराइट गोगलगायी आणा. पानांच्या कडांवर काळे केसाळ झुबके दिसतात ते खरं तर लाल शेवाळाच्या कुळातले. एखादा झुबका अल्कोहोलमध्ये बुडवला तर लालसर होतो, त्यावरून ओळख पटते. त्यालाही कॅटफिश तोंड लावत नाहीत. निळसर हिरवी, बुळबुळीत, कुबट वासाची चादर वाळूवर पसरत असेल तर ते शेवाळच नव्हे, सायनोबॅक्टेरिया नावाचे जीवाणू आहेत. ते कुणीच खात नाही. आणि पाणीच हिरवंगार झालं असेल तर चाटायला पृष्ठभागच नाही, तिथे सकर काय करणार?

शेवाळ वाढतं उजेडावर आणि जास्तीच्या खाण्यावर. दिव्याला टायमर लावा, सहा ते आठ तास पुरे. टाकीवर थेट ऊन येत असेल तर जागा बदला. दोन मिनिटांत संपेल एवढंच खाणं टाका. हे केल्यावर महिन्याभरात निम्मी तक्रार मिटते. त्यानंतरही मासा हवासा वाटत असेल, तर तो मासा म्हणून हवा आहे असं समजा आणि पुढे वाचा.

पायरी २: मासा निवडा, आणि पूर्ण वाढलेला निवडा

दुकानात दिसतो तो आकार विसरा. तिथे सगळेच चार-पाच सेंटिमीटरचे असतात.

"सकर" किंवा "प्लेको" म्हणून सर्रास मिळतो तो बहुतेक वेळा टेरिगोप्लिक्थिस प्रजातीचा असतो. मूळचा दक्षिण अमेरिकेच्या नद्यांमधला, चांगला वाढला तर ४० सेंटिमीटरच्या पुढे जाणारा आणि दहा वर्षांहून जास्त जगणारा. त्याला ५०० लिटरच्या आतबाहेरची टाकी लागते. घरच्या नेहमीच्या टाकीत तो बसत नाही, आणि "टाकीच्या मापानेच मासा वाढतो" हे खरं नाही. वाढ खुंटते ती घाणेरड्या पाण्याने आणि उपासमारीने. तो ओळखायची सोपी खूण म्हणजे पाठीवरचा उंच, शिडासारखा पर. त्यातल्या काड्या मोजा. दहा किंवा जास्त भरल्या तर तो मोठा होणारा सकर आहे. ब्रिसलनोजच्या पाठीवरच्या परात साधारण सात-आठच काड्या असतात. पिल्लू काचेला चिकटून शांत बसलेलं असताना हे मोजता येतं. दुकानदार जरा चमत्कारिक नजरेने बघतो, बघू द्या.

घरच्या मिश्र टाकीसाठी माझं मत विचाराल तर दोनच नावं.

पहिला ब्रिसलनोज, म्हणजे ॲन्सिस्ट्रस. १२ सेंटिमीटरच्या आसपास थांबतो. साधा तपकिरी, सोनेरी, लांब परांचा असे प्रकार मिळतात. नराच्या नाकाडावर फांद्या फुटल्यासारख्या मांसल मिशा येतात. मादीला त्या नसतात किंवा ओठाच्या कडेला बारीकशा असतात. १०० लिटरच्या, निदान ८० सेंटिमीटर लांबीच्या टाकीत एक ब्रिसलनोज आरामात राहतो. अंगाने काटक, खाण्यात नखरे कमी. नवख्याने इथूनच सुरुवात करावी.

दुसरा ओटोसिंक्लस, लाडाने ओटो. जेमतेम चार सेंटिमीटरचा, अंगावर काळसर पट्टा, पानावर बसला तर पान वाकतही नाही. ६० लिटरच्या टाकीतही चालतो, पण एकटादुकटा नाही. सहा-आठांचा घोळका हवा. एकटा ओटो पानाआड दडून बसतो आणि खाणं सोडतो. दुकानात येणारे बहुतेक ओटो नदीतून पकडलेले असतात. पकडल्यापासून विकेपर्यंत त्यांची उपासमार झालेली असते, त्यामुळे पहिले काही आठवडे जिवावरचे. जगले की मात्र वर्षानुवर्षं साथ देतात.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. क्लाउन प्लेको छोटा आणि देखणा, पण त्याचा जीव लाकडात. काचेवरच्या शेवाळाशी त्याला कर्तव्य नाही. रबरलिप प्लेको शेवाळ छान खातो, मात्र त्याला २४ अंशांच्या आतलं थंड, खळाळतं, प्राणवायूने भरलेलं पाणी लागतं; उबदार टाकीत तो हळूहळू खंगतो. काडीसारखा फार्लोवेला दिसायला अप्रतिम आणि पाळायला फार नाजूक. काळ्यापांढऱ्या पट्ट्यांचा झीब्रा प्लेको ब्राझीलच्या झिंगू नदीतला. त्याला एल-०४६ असा क्रमांक आहे. शास्त्रीय नाव मिळायच्या आधीच नवनवे सकर बाजारात येऊ लागले, तेव्हा १९८८ मध्ये एका जर्मन मासिकाने हे एल क्रमांक द्यायला सुरुवात केली. तर हा झीब्रा मुख्यतः मांसाहारी आहे. शेवाळासाठी त्याला आणणं म्हणजे वाघाला गवत घालणं.

आणि दोन फसवी नावं. "चायनीज अल्गी ईटर" हा कॅटफिश नाही. लहानपणी शेवाळ खातो, मोठेपणी दांडगा होतो आणि इतर माशांच्या अंगावरची चिकटी चोखतो; मिश्र टाकीत आणू नका. उलट कोरिडोरास खरोखरचा कॅटफिश, मिशाही आहेत, पण शेवाळ खात नाही. तो वाळूत नाक खुपसून किडे आणि उरलंसुरलं शोधतो.

चुकून मोठा सकर घरी आलाच असेल तर मोठी टाकी असलेला छंदिष्ट शोधा किंवा दुकानाला परत करा. नदीत, तळ्यात सोडू नका. बऱ्याच उष्ण देशांमध्ये हे मासे असेच सोडले गेले आणि बेसुमार वाढलेत. अंडी घालण्यासाठी ते काठाच्या मातीत बिळं खणतात आणि काठ ढासळतात.

पायरी ३: टाकी पिकू द्या

छंदातल्या लोकांच्या तोंडी "पिकलेली टाकी" हा शब्द असतो, आणि ओटोंच्या बाबतीत तोच सगळा खेळ आहे.

पहिला भाग सगळ्यांना ठाऊक असतो. माशांच्या विष्ठेतून अमोनिया तयार होतो, एका प्रकारचे जीवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट. ही जीवाणूंची वसाहत फिल्टरमध्ये जमायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. टेस्ट किटमध्ये अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दिसेपर्यंत ब्रिसलनोजही आणायचा नाही.

ओटोंसाठी त्याच्याही पुढे थांबावं लागतं. लाकडावर, दगडावर, पानांच्या पाठीला एक पातळ, निसरडा थर धरतो. त्यात शेवाळ, जीवाणू, सूक्ष्म जीव, सगळं असतं. दिवसभर चरायचं त्यांचं रान ते. तो थर नीट धरायला तीन-चार महिने जातात. लाकडावरून बोट फिरवलं आणि ते सटकलं, की टाकी पिकली.

आता मांडणी. ड्रिफ्टवूडचा, म्हणजे पाण्यात मुरलेल्या लाकडाचा, एक तरी ओंडका हवाच. ब्रिसलनोज तो किसत बसतात, त्यातला तंतू पोटात जातो, आणि लपायला आडोसाही मिळतो. लाकूड किसणारे सकर लाकडावरच जगतात असा समज आहे, तो बरोबर नाही. लाकडाचा भुसा त्यांना फारसा पचत नाही; पोषण मिळतं ते त्यावरच्या थरातून आणि कुजत आलेल्या भागातून. तेव्हा "लाकूड आहे, वेगळं खाणं कशाला" असं म्हणू नका. नवं लाकूड आठवडाभर पाण्यात बुडवून, रोज पाणी बदलून मगच टाकीत घाला. तरी पाण्याला चहासारखा रंग येईल. त्याने माशांचं काही बिघडत नाही.

गुहा एकापेक्षा जास्त ठेवा. मातीची नळी, नारळाची करवंटी, सपाट दगडांचा बोगदा, काहीही चालेल. फक्त मासा आत शिरून मागे वळू शकला पाहिजे किंवा दुसऱ्या टोकाने बाहेर पडू शकला पाहिजे. तळाला बारीक वाळू किंवा गोलसर खडी. यांच्या पाठीवर हाडांच्या तकटांचं चिलखत असतं, पण पोट मऊ आणि उघडं. टोकदार खडीने ते सोलवटतं.

दोन गोष्टी मी ठेच लागून शिकलो. हीटरला जाळीचं आवरण लावा. सकर त्याला चिकटून झोपतात आणि भाजतात. आणि फिल्टरच्या तोंडाला स्पंज बांधा. माझा एक ओटो चार दिवस बेपत्ता होता, मेला असेल म्हणून नादही सोडला होता. फिल्टर धुवायला उघडला तर आत मजेत चरत बसलेला, बाहेरच्यांपेक्षा गुबगुबीत.

पाणी २४ ते २६ अंश, पीएच ६.५ ते ७.५, ओटो आणि ब्रिसलनोज दोघांनाही मानवतं. आकड्यांच्या मागे धावून रोज पीएच वरखाली करण्यापेक्षा तो स्थिर राहिलेला बरा.

पायरी ४: दुकानात पोट बघा

मासा काचेला चिकटलेला असताना समोरून त्याचं पोट दिसतं. ही सोय बहुतेक माशांत नसते, तिचा फायदा घ्या. पोट भरीव, थोडं गोलसर हवं. आत खपाटीला गेलं असेल, दोन्ही बाजूंच्या कडा वर आणि मधे खळगा असेल, तर तो मासा कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नका. डोळे खोल गेलेले असतील तर तर नाहीच. पर फाटलेले, अंगावर कापसासारखे पुंजके, सतत वर येऊन हवा घेणं, हीही नको ती लक्षणं.

नुकताच आलेला माल लगेच उचलू नये. दुकानदाराला विचारा, कधी आले? आठवडा-दोन आठवडे तिथे टिकलेले ओटो घरीही टिकायची शक्यता खूप जास्त. शक्य असेल तर त्यांना समोर खाणं टाकायला सांगा.

पायरी ५: घरी आणल्यावर घाई नको, पण ताटकळतही ठेवू नका

इथे सगळे एकच पाठ म्हणतात: थेंब थेंब पाणी सोडत तासभर सवय करा. थोड्या अंतरावरून, तास-अर्ध्या तासात मासा आणला असेल तर हे बरोबर आहे. टाकीचे दिवे बंद करा, पिशवी १५-२० मिनिटं पाण्यावर तरंगत ठेवा, मग मासा पिशवीतल्या पाण्यासकट छोट्या डब्यात घ्या आणि बारीक नळीने टाकीचं पाणी थेंब थेंब सोडा. पाऊण ते एक तासात डब्यातलं पाणी तिप्पट होईल इतक्या वेगाने.

पण मासा अनेक तास बंद पिशवीत प्रवास करून आला असेल तर हिशेब उलटा होतो. पिशवीत अमोनिया साठलेला असतो, आणि माशाच्या श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडने पाणी आम्लधर्मी झालेलं असतं. आम्ल पाण्यात अमोनिया फारसा बाधत नाही. पिशवी उघडली की तो वायू उडून जातो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. तिथे तासभर थेंब मोजत बसलात तर मासा त्या विषात बसून राहतो. अशा वेळी तापमान जुळेपर्यंत पिशवी बंदच ठेवा, उघडली की लगेच मासा बाहेर काढा. दोन्ही पद्धतींत पिशवीतलं पाणी टाकीत ओतायचं नाही.

ब्रिसलनोजला जाळीने धरू नका. गालांवर आकड्यासारखे काटे असतात, घाबरला की तो ते फुलवतो आणि जाळीत अडकतो. ओढून काढायला गेलात तर जखम होते. डबा पुढ्यात धरा आणि हळूच आत ढकला. अडकलाच तर जाळी कात्रीने कापा.

वेगळी छोटी टाकी असेल तर दोन-तीन आठवडे तिथे ठेवा. रोग पसरू नये म्हणून तर आहेच, पण खरा फायदा हा की मासा खातोय का ते नीट दिसतं.

पायरी ६: जेवण, म्हणजे मुख्य काम

माझे पहिले सहा ओटो दोन महिन्यांत संपले. रोग नव्हता, पाणी ठीक होतं. पहिले तीन आठवडे त्यांनी टाकी अशी चाटली की पाहत राहावं, आणि मी येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत होतो. मग टाकीत चाटण्यासारखं काही उरलं नाही. काच स्वच्छ आहे म्हणजे सगळं उत्तम चाललंय, असं मी समजत होतो. ते उपाशी मरत होते.

शेवाळ खाणाऱ्या सकरांचं आतडं अंगाच्या कितीतरी पट लांब असतं, गुंडाळी करून पोटात बसवलेलं. कमी कसाचं अन्न सतत खात राहायचं, अशी ती रचना. दिवसातून एकदा चिमूटभर फ्लेक्स टाकून तिचं भागत नाही.

रोजच्या खाण्यात स्पिरुलिना किंवा शेवाळाच्या वड्या. वेष्टनावरचे घटक वाचा. पहिली दोन-तीन नावं माशांच्या पिठाची असतील तर ती वडी नावापुरतीच शेवाळाची. दिवे मालवल्यावर अर्ध्या तासाने टाका, कारण उजेडात टेट्रा आणि बार्ब ती फस्त करतात. मोठ्या ब्रिसलनोजला एका रात्री एक वडी पुरते.

आठवड्यातून दोन-तीनदा भाजी. झुकिनी सगळ्यांत उत्तम. काकडीही खातात, पण ती जवळजवळ सगळी पाणीच, पोट भरतं आणि अंगी काही लागत नाही. पालकाची पानं, सोललेले मटारही चालतात. भाजी आधी नीट धुवा, फवारणीचा अंश राहायला नको. झुकिनीची बोटभर जाडीची चकती कापा, उकळत्या पाण्यात मिनिट-दोन मिनिटं ठेवा, लगेच गार पाण्यात टाका. साल थोडं वाकलं पाहिजे, गर लगदा होता कामा नये. पालकाला अर्धं मिनिट पुष्कळ. चकती तरंगते, म्हणून स्टीलचा काटा-चमचा तिच्यात आरपार खुपसून तळाला सोडा. सकाळी उरलेलं काढा. दुसऱ्या रात्रीपर्यंत राहिलं तर पाणी गढूळ होतं आणि वास मारायला लागतो.

नवे ओटो पहिल्या दिवशी झुकिनीकडे बघणारही नाहीत. नदीत त्यांना कुणी चकत्या वाढल्या नव्हत्या. तीच चकती त्यांच्या नेहमीच्या जागेजवळ, लाकडाला टेकवून ठेवा, रोज नवी. चौथ्या-पाचव्या दिवशी एक जण चढतो, आणि एक चढला की बाकीचे मागोमाग येतात.

तोपर्यंत जगवायचं कसं? घरीच शेवाळ पिकवून. गुळगुळीत दगड घ्या. आधी त्यांवर व्हिनेगरचे थेंब टाका. फेस आला तर दगड चुन्याचा, तो नको. बाकीचे पारदर्शक बरणीत घालून, टाकीतून पाणी बदलताना निघालेलं जुनं पाणी भरून, उन्हात ठेवा. आठवडा-दोन आठवड्यांत दगड हिरवे होतात. एक टाकीत ठेवा, चाटून झाला की परत बरणीत, दुसरा आत. दुसऱ्या खेपेच्या ओटोंना मी असेच आठ दगड फिरवत ठेवले होते. त्या खेपेला सहापैकी एकही गेला नाही.

पोटाची तपासणी रात्री करा. दिवे बंद झाल्यावर तासाभराने मंद टॉर्च घेऊन बसा. ब्रिसलनोजच्या डोळ्यात त्या वेळी एक गंमत दिसते. बुबुळावर वरून एक पाळ उतरलेली असते. उजेड पडला की ती मोठी होते आणि बाहुलीची चंद्रकोर करते, अंधारात आक्रसते. टॉर्च जवळ नेलात की पडदा ओढल्यासारखा डोळा बारीक होतो. तेवढ्यात काचेवरचं पोट बघून घ्यायचं. सकाळी खपाटीला आणि रात्री खाल्ल्यावर फुगलेलं असेल तर ठीक. दोन्ही वेळा खपाटीला असेल तर खाणं त्याच्यापर्यंत पोचत नाहीये.

पायरी ७: शेजारी कोण

निऑन आणि इतर छोटे टेट्रा, रासबोरा, गप्पी, मॉली, कोरिडोरास यांच्याशी कुणाचं भांडण नाही. ओटोंबरोबर एंजल किंवा तोंडात मावेल ते गिळणारा कुठलाही मोठा मासा नको. ओटो गिळला गेला की आपले काटे ताठ करतो, ते घशात अडकतात, आणि दोघेही जातात.

चपट्या, मंद माशांबरोबर मोठा सकर नको. डिस्कस, गोल्डफिश रात्री स्थिर असताना सकर त्यांच्या अंगाची चिकटी चोखायला शिकतो, विशेषतः पोटाला शाकाहार कमी पडत असेल तेव्हा. सकाळी माशाच्या कुशीवर गोल पांढुरका डाग दिसला तर हाच प्रकार.

दोन नर ब्रिसलनोज मध्यम टाकीत नकोत. लहानपणी गळ्यात गळा, मिशा फुटल्या की गुहेवरून मारामाऱ्या.

पायरी ८: आठवड्याचं काम

यांनी टाकी स्वच्छ राहते ही गोड अफवा आहे. जेवढं खातात तेवढं टाकतात. आठवड्याला २५ ते ३० टक्के पाणी बदला, सायफनची नळी लाकडाखाली आणि गुहांच्या तोंडाशी फिरवा, कारण घाण तिथेच साठते. नवं पाणी क्लोरिन काढलेलं आणि टाकीच्याच तापमानाचं. नायट्रेट २० पीपीएमच्या (दहा लाख भागांत २० भाग) आसपास ठेवता आलं तर उत्तम. फिल्टरचा स्पंज नळाखाली धुवू नका. काढलेल्या जुन्या पाण्यातच पिळा, नाहीतर जमवलेली जीवाणूंची वसाहत क्लोरिनने मरते.

काच पुसताना पुढचीच पुसा. मागची आणि बाजूच्या काचा हिरव्या राहू द्या, ते यांचं रान आहे.

आजारपण आणि औषधं

हे मासे मधूनच झपकन वर येऊन हवेचा घोट घेतात. पाण्यात प्राणवायू कमी पडला की सकर पोटातूनही थोडा श्वास घेऊ शकतात. दिवसातून एखाददुसऱ्या वेळी ठीक. सगळेच वारंवार वर यायला लागले तर औषधाची बाटली शोधू नका. आधी अमोनिया तपासा, मग एअर पंप वाढवा, मग पाणी बदला.

पांढरे ठिपके आले तर तापमान दोन-तीन दिवसांत हळूहळू ३० अंशांपर्यंत न्या आणि हवा वाढवा, कारण गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो. औषध द्यावंच लागलं तर अर्ध्या मात्रेने सुरुवात करा. तांबं असलेली औषधं आणि भरपूर मीठ यांना सोसत नाही. औषध देताना फिल्टरमधला कोळसा काढा, नाहीतर तोच सगळं शोषून घेतो.

आणि पिल्लं झाली तर

ब्रिसलनोजची जोडी पोटभर खात असेल तर तुम्ही काहीही न करता एक दिवस हे घडतं. नर गुहेतून बाहेर येईनासा होतो. टॉर्च मारून बघितलं तर आत नारिंगी अंड्यांचा घड आणि त्याला शेपटीने, परांनी वारा घालत बसलेला बाप. मादीला तो आत येऊ देत नाही, स्वतः जवळजवळ उपाशी राहतो. गुहा हलवू नका, आत डोकावायचा मोहही आवरा. घाबरला तर अंडी बाहेर ढकलतो. चार ते सहा दिवसांत अंडी फुटतात, पिल्लं पोटाला पिवळा बलक घेऊन गुहेतच चिकटलेली राहतात, आणि अजून आठवडाभराने बलक संपला की एका सकाळी काचेवर तांदळाएवढे सकर दिसतात. आदल्या रात्रीपासूनच झुकिनी तयार ठेवा. यांचं पोट सतत भरलेलं लागतं, आणि हळूहळू पाणी बदलायचं प्रमाणही वाढवावं लागतं.

एका घडात ५० ते १०० अंडी असतात. माझ्याकडे पहिल्या खेपेला साठ-सत्तर पिल्लं वाचली, आणि ओळखीतल्या प्रत्येकाच्या टाकीत एकेक पोचवूनही वीस उरली. अंडी दिसतील त्याच दिवशी घेणाऱ्यांची यादी करायला घ्या, आणि पिल्लू देताना सोबत झुकिनीची एक चकती कशी उकडायची तेही दाखवा.